किरकिरे आणि दोनशे चाळीस चिनी पुलोव्हर

लंडनच्या हाउन्सलोत पुरुषोत्तम किरकिऱ्यांकडे चहाला गेलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास जाणवायची. घरातली एकही वस्तू कुठे बनली ते कळायचं नाही. टॉवेलचं लेबल कापलेलं, छत्रीचं कापलेलं, इस्त्रीवरचा स्टिकर नखाने खरवडलेला. बासष्टच्या लढाईत नाशकात त्यांच्या आईने हातातल्या पाटल्या संरक्षण निधीला दिल्या, तेव्हा सोळा वर्षांच्या पुरुषोत्तमाने शपथ घेतली होती की चिनी वस्तू घरात दिसणार नाही. पुढे बाजारात दुसरं काही मिळेनासं झालं. शपथ मोडली नाही, फक्त एक बारकी कात्री विकत आणली. कात्री कुठली, हे कुणी विचारू नये.

हीथ्रोच्या कार्गोत पंचवीस वर्षं काढून त्यांनी शाळेच्या गणवेशांचं दुकान घेतलं होतं. दुकान पत्नी सुनेत्राताई चालवत, हे तत्त्वं चालवत. २००५च्या मार्चमध्ये जवळच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेसने मोठी ऑर्डर दिली: मरून रंगाचे दोनशे चाळीस पुलोव्हर, सहा सप्टेंबरला शाळा उघडेल तेव्हा मुलांच्या अंगात हवेत. नाही जमलं तर शाळेचं सगळं काम सुपरमार्केटला. आणि ते गेलं की दुकानाला कुलूप, हे किरकिऱ्यांनाही कळत होतं.

लेस्टरच्या ज्या कारखान्यातून ते माल घेत, तो बंद पडला होता. उरल्या मँचेस्टरच्या मिसेस लाम, चीनहून कपडे आणणाऱ्या. एप्रिलमध्ये त्यांचा कागद सहीला आला.

"अक्षय्य तृतीया होऊ दे," किरकिरे म्हणाले.

"अहो, फ्रीज अमावास्येला आणलात, तेव्हा कुठे होता मुहूर्त?"

"फ्रीज वेगळा."

तृतीया झाली. मग गुरुवार हवा झाला, मग पुढचा गुरुवार. सही झाली मे संपताना, तीही तोंड वाकडं करून. जूनमध्ये युरोप आणि चीन यांच्यात ठरलं की यंदा चीनमधून इतकेच पुलोव्हर, इतक्याच ब्रा आत येणार. वेळेत जागे झालेल्यांनी पुलोव्हरचा कोटा जुलैतच भरून टाकला. किरकिऱ्यांचा कंटेनर ऑगस्टात फेलिक्स्टो बंदरात पोचला आणि तिथेच बसून राहिला. पेपरवाले या भांडणाला 'ब्रा वॉर' म्हणत होते. मराठी मंडळाच्या श्रीकांतने तर फोनच केला: "काय पुरुषोत्तमराव, परत सीमेवर का?"

शेवटी सुनेत्राताईंनीच नवऱ्याला न विचारता मिसेस लामना फोन लावला. त्यांच्या गोदामात तसेच मरून पुलोव्हर हवे तेवढे पडून होते, एका बंद झालेल्या शाळेचे. छातीवर त्या शाळेचा बॅज शिवलेला. शनिवारी, तीन तारखेला, बाई स्वतः व्हॅन हाकत हाउन्सलोला आल्या.

घरात मंडळाच्या बायका गणपतीची आरास करत बसल्या होत्या. सुनेत्राताईंनी थर्माकोल बाजूला सारून सगळ्यांपुढे पुलोव्हर टाकले. जुने बॅज उसवायचे, नवे शिवायचे. पहिल्याच पुलोव्हरला त्यांतल्या मीनलने अंगठ्याएवढं भोक पाडलं.

"सोड, सोड," किरकिरे खुर्चीतून उठले आणि त्यांनी खिशातली कात्री काढली.

टाका उचलायचा, कापायचा, ओढायचा. लोकरीला धक्का नाही. बायका एक नवा बॅज शिवेपर्यंत यांचे आणखी चार उसवून व्हायचे.

"मिस्टर किरकिरे, तुम्ही टेलर होता?" मिसेस लामनी विचारलं.

"छे हो," सुनेत्राताईंना राहवलं नाही, "तुमच्या देशावर राग आहे त्यांचा. बासष्टपासून. लेबलं कापून कापून हात बसलाय."

किरकिऱ्यांचे कान पुलोव्हरच्या रंगाचे झाले. मिसेस लाम मात्र हसल्या. "बासष्ट? त्या वर्षी आमच्या गावात खायला काही नव्हतं. मी चार वर्षांची होते. आई डोंगर ओलांडून हाँगकाँगला पळाली."

किरकिऱ्यांची कात्री थांबली. "काय काय आणलं बरोबर?"

"मला," मिसेस लाम म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

किरकिऱ्यांनी पुढचा पुलोव्हर ओढला. बॅज निघाला आणि सवयीने कात्री कॉलरच्या लेबलाकडे वळली.

"ते राहू द्या," मिसेस लाम म्हणाल्या. "कसं धुवायचं ते त्यावर आहे. आटला तर मुलाची आई तुमच्याकडे येईल, माझ्याकडे नाही."

किरकिऱ्यांनी लेबल एकदा वाचलं, सगळं, कुठे बनलं तेही, आणि पुलोव्हर घडी करून ठेवला.

मंगळवारी दोनशे चाळीस मुलं मरून रंगात शाळेत गेली. हेडमिस्ट्रेसने पुढल्या वर्षीच्या पँटीही यांनाच सांगितल्या. अडकलेला कंटेनर नंतर सुटला आणि सुनेत्राताईंचा माळा भरून गेला, ते वेगळंच. पँटींचा कागद मँचेस्टरहून आला त्या दिवशी त्यांनी मुद्दाम कॅलेंडर नवऱ्यापुढे धरलं.

"सर्वपित्री अमावास्या आहे हो आज."

"पेन दे," किरकिरे म्हणाले.