न ऐकलेलं नाव

कपडे शिवून घर चालवणारी माझी मावशी पन्नाशीनंतर हट्टाने इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली. एकदा बाई म्हणाल्या, "कुणाला काय करताना कधीच ऐकलं नाही, ते इंग्रजीत सांगा." कुणी सांगितलं, साहेबाला माफी मागताना. मावशी उठून म्हणाली, "नवऱ्याला माझं नाव घेताना." सगळा वर्ग खदखदून हसला. मावशी तडकली, ती तडक घरी येऊन मशीनवर बसली.

"अगं ए, चहा टाक!" काकांनी आतून हाक मारली. मशीन थांबेना.

"बहिरी झालीस का गं?" मशीन आणखी जोरात.

शेवटी काका दारात आले, घसा खाकरला आणि चोरी केल्यासारखं तिचं नाव पुटपुटले.

मशीन थांबलं.

"मोठ्याने म्हणा," मावशी म्हणाली. "उद्या वर्गात वाक्य बदलायचंय मला."