दिवा कांताबाईच्या हाती

घट बसून दोनच दिवस झाले होते आणि मी देवीवर रुसले होते. आमच्या मेडशीच्या घरात मी आणि माझी नात प्रणाली, दोघीच. आई नसलेली पोर, मीच वाढवलेली. पहिल्या बाळंतपणासाठी आठव्या महिन्यात माझ्याकडे आली. पोट एवढं मोठं की मी गावभर सांगत सुटले, "पहिलवान येऊन राह्यला!" पण वाशिमच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेवर गाठ दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ श्वासनलिकेवर दाबतेय. बाळाभोवतीचं पाणीही वाढलंय, कळा लवकर येतील. उद्याच नागपूरला जा."

प्रणाली म्हणाली, आजी आली तरच जाईन. आणि माझ्या देव्हाऱ्यात अखंड दिवा! तो सोडून गाव ओलांडायचं नाही. तरुणपणी ह्याच दिव्यापायी मी सख्ख्या भावाचा साखरपुडा चुकवला होता आणि देवी आता माझं किती कौतुक करत असेल, म्हणून आरशात स्वतःलाच न्याहाळत बसले होते. एवढी मी शहाणी! ह्या वेळी मात्र हात जोडून एवढंच म्हटलं, "माय, मले काही सुचत नाही. तूच पाह्य."

तेवढ्यात शेजारची कांताबाई दारात. तिचं घर बौद्ध, आमच्या देव्हाऱ्याशी तिचं देणंघेणं नाही. शिवाय तिचं सोयाबीन सोंगून वावरात पडलेलं, मळणीची घाई.

"काहून बसली वं तोंड पाडून?"

मी सगळं सांगितलं.

"तुह्या देवीच्या पाया मी पडणार नाही, आधीच सांगतो. पण तेल टाकतो, वात सरकवतो. जाय तू, पोरीले घेऊन."

नागपूरला पुन्हा तपासलं. बाळाची जीभ मोठी, यकृतही वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, एका जनुकीय आजारात बाळ प्रमाणाबाहेर वाढतं आणि क्वचित अशी गाठही येते. बाळाभोवतीचं थोडं पाणी तपासणीला घेतलं. म्हणजे हा माझा पहिलवान! दसऱ्याआधीच कळा सुरू झाल्या. पण सगळे तयारीत होते. नाळ कापण्याआधीच बाळाच्या घशात नळी बसली. आम्ही घरी असतो तर, हे वाक्य मी अजून पुरं करत नाही.

आजार तोच निघाला. गाठ काढली. पुढं काही वर्षं बाळाच्या पोटाची सोनोग्राफी करत राहावी लागेल, नवी गाठ येतेय का पाहायला; करू की!

देवी पावली म्हटलं की कांताबाई फिस्कारते, "माह्या कामाले तिचं नाव नको लावू." मी दोघींचे उपकार मानते. तूच पाहा म्हटल्यावर ती कुणाच्या हातानं पाहील, हे मी कोण ठरवणार?

घशात नळी असेपर्यंत आवाजच फुटत नव्हता; ती काढली त्या दिवशी माझ्या पणतीनं पहिल्यांदा घोगरं भोकाड पसरलं. नर्स तिला उगी करायला धावली. मी नर्सचा हात धरला, "थांब वं बाई. रडू दे तिले."