ट्रायल लेन्सचा अर्धा तास

या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचून खाली हसऱ्या स्मायली टाकणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या घरी अंगारे-धुपारे, बाहेरचं वगैरे कधी कोणी मानलं नाही. बाबांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवून-उतरवून मला बीकॉम केलं. घरातली पहिली पदवी. एखाद्या गोष्टीचं कारण सापडत नाही म्हणजे ते नीट शोधलं नाही, असंच मला वाटायचं. आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही, म्हणून लिहितेय.

मला न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात नोकरी लागली. दिवसभर उन्हात फिरून कंटेनरचे नंबर तपासायचे. माझा चष्मा मायनस साडेसहा, त्यावर सेफ्टी गॉगल बसेना. मग चष्म्याचाच नंबर टाकून ऑनलाइन लेन्स मागवल्या, दोन-तीनदा नळाखाली धुऊन घातल्या... आणि डोळे लालभडक! घाबरून पनवेलला वडाळे तलावाजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथली ऑप्टोमेट्रिस्ट स्नेहल माझ्याच वयाची. तिने झापलंच.

"चष्म्याचा नंबर वेगळा, बुबुळाचं माप वेगळं. ब्लाऊज शिवायला शेजारणीचं माप देता का ताई? आणि नळाचं पाणी? त्यातले जंतू डोळा खातात, डोळा!"

दोन आठवडे लेन्स बंद, फक्त औषधाचे थेंब. डोळे बरे झाल्यावर तिने बुबुळाचं माप घेतलं आणि ट्रायलच्या लेन्स घातल्या.

"डोळे मिटू नका हो, मिरची नाही घालत मी!"

काहीतरी गार बसलं आणि भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत लख्ख दिसला. "आता अर्धा तास बाहेर फिरून या," ती म्हणाली. "लेन्स डोळ्यावर बसली की कशी हलते ते बघूनच माप पक्कं करायचं. डोळे चोळू नका."

दुपारचा एक वाजला होता. चष्म्याशिवाय तळ्याकाठी फिरायची ही पहिलीच वेळ. पलीकडच्या गॅलऱ्यांमधले वाळत घातलेले कपडेसुद्धा वेगवेगळे दिसत होते. मी वेड्यासारखी सगळ्या पाट्या वाचत सुटले.

आणि समोरच्या काठावर बाबा दिसले.

कामावरचा खाकी शर्ट. डाव्या डोळ्यावर तळहात. मग हात बदलून उजव्यावर. पुन्हा डाव्यावर. दर वेळी मान पुढे काढून काहीतरी वाचायची धडपड चाललेली. या वेळी हे इथे कसे? मी तिथूनच फोन लावला.

"बोल गं बाय."

"बाबा, तळ्यावर काय करताय?"

"कसला तलाव? कामावर हाय मी. जेवलीस का?"

फोनमध्ये पत्रे आपटल्याचा आवाज येत होता. समोर मात्र बाबा तसेच उभे – एक हात डोळ्यावर, दुसरा रिकामा, खाली सोडलेला. कानाला फोन नाही. तेवढ्यात त्यांच्या पुढून एक हातगाडी गेली. गाडी सरकली तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

मी जवळजवळ पळतच दवाखान्यात आले. दारावरची "रविवारी बंद" ही पाटी वाचल्याचं मला आजही पक्कं आठवतंय. स्नेहलने यंत्रासमोर बसवून डोळे बघितले आणि ती थांबली.

"ताई, लेन्स कुठे काढून ठेवल्यात?"

"काढल्याच नाहीत."

"अहो, मस्करी नको. एकाही डोळ्यात लेन्स नाही."

डॉक्टरांनी येऊन पापण्या उलटल्या, पिवळं औषध घालून बघितलं. नव्हत्याच. आणि तेव्हा मला कळलं, स्नेहलचा चेहरा मला दिसतच नव्हता... नुसता एक फिकट डाग.

"पडल्या असतील," डॉक्टर म्हणाले. पडल्या असतील. मग दारावरची पाटी मी कशाने वाचली?

संध्याकाळी बाबा घरी आले. मी तळहाताने त्यांचा डावा डोळा झाकला. "किती बोटं?"

त्यांनी माझा हात धरून खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "तुला कोनी सांगितलं? गोदामात पन कोनाला म्हाईत नाय."

तीन आठवड्यांपूर्वी पत्रा कापताना उजव्या डोळ्यात काहीतरी उडालं होतं. मुकादम घरी बसवेल म्हणून लपवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत ट्रकच्या नंबर प्लेटी एकेका डोळ्याने वाचून बघायचे.

"आज कधी बघितलंत?"

"तुजा फोन आला ना बाय, तवाच."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. लोखंडाचा बारीक कण डोळ्याच्या आत रुतला होता. आणखी उशीर झाला असता तर डोळा गेलाच असता, असं ते म्हणाले. ऑपरेशन झालं. त्या डोळ्याने बाबांना आता माणूस ओळखू येतो, अक्षर नाही.

"तुमच्या मुलीच्या लक्षात कसं आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिची नजर लय तीक्ष्ण हाय," बाबा म्हणाले.

मला मापाच्या लेन्स मिळाल्या. हात धुऊन, पुसून, सांगितल्याप्रमाणे वापरते. एकदा लेन्स न घालता, त्याच वेळी, त्याच जागी उभी राहून बघितलं. समोरचा काठ म्हणजे नुसते कालवलेले रंग. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर द्या, मला हवंच आहे. तोवर तळ्यावरून जाताना मी मान वर करत नाही. पलीकडे पुन्हा कोणी डोळा झाकून उभं दिसलं, तर या वेळी ते कोण असेल?