मशीन निजेना, बाबा निजेनात

देवीकडे मशीनसाठी काही मागावं की नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही. मी मागितलं, एवढं खरं.

नागभीडला राहून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कंपनीच्या मशिनी क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या. संध्याकाळी त्यांना हायबरनेट करायचं, म्हणजे चाललेलं काम जसंच्या तसं डिस्कवर ठेवून निजवायचं, आणि सकाळी तिथूनच पुढे उठवायचं, हे माझ्याकडे. त्यातली एक मशीन ऐकेना. कधी निजायचीच नाही, कधी अर्धवट निजून सकाळी सगळं विसरून उठायची आणि लोकांचं दिवसभराचं काम पाण्यात जायचं. साहेबांनी शेवटी सांगितलं, सोमवारी सकाळी पुन्हा असं झालं तर पुण्याला येऊन बसा. मी गेले तर बाबांचं कोण करणार? आई नाही. पक्षाघातानंतर त्यांची एक बाजू लुळी पडलेली, आणि घर सोडायला ते तयार नाहीत.

मी डिस्कवर जागा वाढवली, सिस्टीम नव्याने टाकली, तरी एक दिवस नीट, एक दिवस बिघाड. रोज बिघडली असती तर निदान काही धरता आलं असतं. मशीनवर नजर ठेवायला मी सुरुवातीलाच एक छोटा प्रोग्राम बसवला होता. तो सतत तिची हालहवाल दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर लिहायचा. बिघाड वाढला तसं मी त्याला आणखी घाईघाईने लिहायला लावलं. मला काहीच सुचत नव्हतं.

रविवारी दुपारी बाबांना जेवू घालून मी गावाबाहेरच्या मातामायच्या, म्हणजे आमच्या गावदेवीच्या, कडुनिंबाखाली जाऊन बसले. क्लाउडचं देवीला कसं समजावू, याचं माझं मलाच हसू आलं. तरी म्हटलं, माय, मशीन तुझ्यावर सोडली. आणि लगेच घरी फोन लावला. "बाबा, झोपले का?"

"झोपलोच होतो ना वं," बाबा वैतागून म्हणाले. "काऊन उठवते घडीघडी?"

मोहफुलांची टोपली खाली ठेवून एक म्हातारी बाई तिथे सावलीला टेकली होती. ती खुदकन हसली.

"झोपला का म्हनून इचाराले झोपल्या मानसाले उठवते का, माय?"

"काळजी वाटते हो, बाई."

"मातामायले सांगतलं ना? मंग सोड ना थोडसं. घडीघडी हात लावशीन तं कोन झोपन?"

मी घरी आले, आणि उंबऱ्यातच थबकले. मशीन निजायची तर आतलं प्रत्येक काम आधी थांबावं लागतं. नजर ठेवणारा माझा तो प्रोग्राम, माझा पहारेकरीच थांबत नसेल तर? दुसऱ्या मशीनच्या डिस्ककडून उत्तर यायला कधी उशीर झाला, की ते येईपर्यंत तो अडून बसायचा. मशीनच्या संदेशांत त्याचंच नाव येत होतं, पण तो आपलाच म्हणून मी कधी संशय घेतला नव्हता. संध्याकाळी आधी त्याला बंद केलं, मग मशीनला निजवलं. जीव नुसता टांगणीला लागला होता. सोमवारी ती उठली तेव्हा कोणाचं तरी अर्धं लिहिलेलं वाक्य पडद्यावर तसंच होतं. मला रडू आलं. त्यानंतर ती अडलेली नाही, आणि मी इथेच आहे.

पुढे ती बाई बाजारात भेटली. मी पाया पडायला वाकले तर ती गोंधळली. "मले तं काई याद नाई, माय. म्या काय बोलली?" मग बोललं कोण? मातामाय, की माझंच थकलेलं डोकं? मी पुष्कळ विचार केला आणि मग तोही सोडला. मिळालं त्याबद्दल हात जोडले.

खरं सांगायचं तर सोडणं मला अजून नीट जमत नाही. काल दुपारी बाबा निजले. श्वास पाहायला मी दाराशी गेले, हात कडीपर्यंत गेला. माय, तुझ्यावर सोडलं, म्हणत मागे फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसून राहिले. ऊन अंगणातून सरकत कुंपणापाशी गेलं. मग आतून खणखणीत हाक आली.

"चहा ठेव वं!"