तनसीचं वासरू

आमची कोशाच्या रेशमाच्या रंगाची गाय आठव्या महिन्यात गाभडली. वासरू मेलेलंच पडलं. त्या दिवशी मी जे केलं ते आमच्या गावात कोणीही केलं असतं. वासरू सोललं, कातड्याला राख आणि मीठ चोळून वाळवलं, आत धानाची तनस ठासली, सुतळीनं शिवलं आणि गोठ्यातल्या खांबाला टेकवून उभं केलं. वासरू समोर नसलं तर गाय पान्हा सोडत नाही. सकाळी त्या कातड्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं. ती चाटत राहते, आपण दूध काढून घ्यायचं. हे काम गावात मीच सगळ्यात चांगलं करतो. डोळ्यांच्या जागी मी चिंचोके शिवले होते. आमची बुढी, म्हणजे बायको, पाहून म्हणाली, "एवढं साजरं त जितं नसतं झालं."

त्या साली गावातल्या आणखी काही गाई गाभडल्या होत्या. म्हणून धानोऱ्याकडून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. सकाळी गायकी गावाची सगळी गुरं गावाबाहेरच्या आखरावर जमवतो आणि तिथून रानात नेतो. तिथेच त्यांनी एकेका गाईच्या मानेतून रक्त घेतलं. माझी गाय हललीसुद्धा नाही. मी शिंगं धरून उभा होतो. म्हटलं, "बाई, अशी गाय जिल्ह्यात दाखवा मले." त्या हसल्या. गायकी म्हणाला, "बुढ्याची गाय हाय बाई, मरंन पन मान खाली नाई घालणार." मला ते बरं वाटलं.

काही दिवसांनी बाई घरीच आल्या. गाय तेव्हा दावणीला रवंथ करत होती, अंगावर माशी बसली तर कातडी थरथरवत होती. बाई म्हणाल्या, "बाबा, तुमच्या गाईला रोग आहे. गाभडण्याचा. तो माणसालाही होतो."

मी गाईकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "कोन्त्या गाईले?"

"हिलाच."

"खाते, पिते, दूध देते. लंगडत नाई, खोकलत नाई. मंग रोग कुठी हाय?"

"रक्तात आहे. बाहेरून दिसत नाही."

दिसत नाही त्या गोष्टीशी भांडायचं कसं, मला कळेना. लाळ्या-खुरकूत मी पाहिलेला आहे, घटसर्प पाहिलेला आहे. त्या रोगांना तोंड असतं. हा कसला रोग, जो फक्त बाईंना दिसतो? तेवढ्यात त्यांची नजर गोठ्यातल्या खांबाकडे गेली.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं," मी पुढे सरून म्हणालो. वाटलं, बाईंना काम पसंत पडलं.

"हात नका लावू त्याला. हे त्याच पडलेल्या वासराचं कातडं ना? रोग सगळ्यात जास्त त्यातच असतो. पडलेलं वासरू, जार, ते पाणी. तुम्ही हातात काही घातलं होतं का सोलताना?"

"चाकू होता हातात," मी म्हणालो. बुढी पदर तोंडाला लावून हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बाबा, तुम्हाला ताप येतो का?"

"ताप कोनाले येत नाई? आमच्याकडं हिवताप हाय."

"खोटं बोलून राह्यले," बुढी मधेच बोलली. "दोन डाव बोटाचं रक्त पाह्यलं, हिवताप नाई निघाला. संध्याकाळी अंगात भरते, रातभर घाम, सकाळी कंबर धरून बसते. आन म्हनते मशीन खोटी."

मी तिला म्हटलं, तू चूप. पण बाईंनी ऐकलं होतं. आणखी विचारलं, दूध कच्चं पिता का? आता मी लहानपणापासून निरसं दूध पितो. गाईच्या सडातून सरळ पेल्यात, पेल्यातून पोटात. माझ्या दंडाला त्याच दुधानं बळ दिलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. बुढी चहातलं दूधसुद्धा उतू जाईपर्यंत उकळते, म्हणून मी तिला जन्मभर हसलो. तिला काही झालं नाही. मला झालं. याचा अर्थ काय लावायचा?

तालुक्याच्या दवाखान्यात रक्त दिलं, गाईचाच रोग निघाला. दोन जातीच्या गोळ्या दिल्या, दीड महिना चुकवायच्या नाहीत. मी डॉक्टरला विचारलं, "हेच औषध गाईले किती द्याचं?" तो म्हणाला, "गाईला हे देत नाहीत, बाबा. बाई काय सांगतील ते करा." बाईंनी सांगितलं, तिच्यासाठी औषध नाही. लहान कालवडींना टोचतात म्हणजे रोग होत नाही, पण हिचं ते वय गेलं. आता कळपात सोडायची नाही. फळवायला गावच्या गोऱ्ह्याकडे न्यायची नाही. दूध उकळल्याशिवाय कोणाला द्यायचं नाही. विकायचीही नाही.

मग करायचं काय? कापायची गोष्ट तर मी तोंडातही येऊ दिली नाही. जावई म्हणाला, "आरमोरीच्या बाजारात ने मामा, कोन विचारते?" मी म्हटलं, "माही गाय दुसऱ्याच्या गोठ्यात हे घेऊन जाईन? लोक मले नावं ठेवतीन." गायकी म्हणाला, "जंगलात सोडून दे. वाघ नेईन, सुटली बिचारी."

"मंग वाघाले होईन त?"

"वाघाले ताप आला त त्याच्या बोटाचं रक्त कोन घेईन, तू का मी?" आम्ही दोघंही हसलो. पण दुसऱ्या सकाळी तो गुरं घेऊन माझ्या दारावरून गेला, तेव्हा त्यानं आवाज दिला नाही. गाय हंबरली. जिच्या गळ्यातली लाकडी घंटा ऐकून बाकीची गुरं वाट धरायची, ती दाव्याला हिसके देत उभी राहिली.

वासरू मी स्वतः पुरलं. बाईंनी हातमोजे दिले होते, ते घातले. बोटं आपली नाहीत असं वाटत होतं. खोल खड्डा केला, वरून चुना टाकला. चिंचोके तसेच राहिले. त्यानंतर गाय खांब चाटायची, मिठाचा वास तिथे उरला असेल. दूध हळूहळू आटलं.

आता मीच तिला बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाळीवर चारायला नेतो. एका गाईचा एक गायकी. ज्याच्या घरी गायकी राखणीचं धान मागायला यायचा, तो या वयात काठी घेऊन हिंडतो, म्हणून लोक हसतात. हसोत. माझं रक्त आता चांगलं आहे म्हणतात, ताप येत नाही. तिचं रक्त तसंच राहील म्हणतात. पाहायला गेलं तर ती माझ्यापेक्षा धडधाकट आहे. मी काठी टेकतो, ती पाळ चढून जाते. मी पुष्कळ विचार केला. आजारी कोण आणि बरा कोण, हे मला अजून बरोबर सांगता येत नाही.

दुपारी मी पळसाखाली बसलो की ती जवळ येते आणि माझा हात चाटते. घामाचं मीठ असतं त्यावर. खांबाजवळ ती असंच करायची. बाई म्हणाल्या आहेत, तिच्या तोंडाजवळ हात नेऊ नका. मी हात मागे घेतो. ती पुन्हा पुढे येते. मग ठेवतो. तिचं होईपर्यंत ठेवतो, आणि नंतर बोडीत उतरून खिशातल्या साबणाच्या तुकड्यानं कोपरापर्यंत धुतो. ती काठावरून पाहत राहते, हा बुढा एवढं काय धूत आहे म्हणून.