टेबलाची रिकामी बाजू

आमच्या नात्यात कुणीही भेटलं की आधी दादाच्या कंबरेची चौकशी करतं, मग दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, इस्त्रीवाला. अठ्ठावीस वर्षं एकाच टेबलापुढे वाकून उभा आहे. लोकांच्या शर्टाला एक चुणी राहू देणार नाही, पण स्वतः सरळ व्हायचं तर दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेतो.

दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोटाची वाट लावली, तेव्हा डॉक्टरांनी त्या बंद केल्या. आता गोळ्यांवाचून भागवायचं म्हटल्यावर जो तो वैद्य झाला, आणि दादा कुणाला नाही म्हणेना. तो फळीवर झोपला, सकाळी त्याला उठवायला दोघं लागली. कुणी पट्टा दिला, तो बांधून महिनाभर फिरला. शेजारच्या शिंप्याचं ऐकून आठ दिवस अंथरुणात पडून राहिला, तर कंबर आणखीच आखडली आणि गिऱ्हाईकं दुसरीकडे वळली. आणखी एक असा आठवडा गेला असता तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. दुसरं काही काम त्याला येत नाही.

शेवटी मीच त्याला फिजिओथेरपीच्या बाईंकडे ओढून नेलं. त्यांनी नीट तपासलं आणि जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला माझाच राग आला. पडून राहायचं नाही, रोज चालायचं, हे तीन व्यायाम करायचे. शेकलंत तर चालेल. उभं राहताना एक पाय ठोकळ्यावर ठेवायचा, अधूनमधून पाय बदलायचा. कपड्यांचा ढीग जमिनीवर नको. आणि टेबल चार बोटं तरी उंच करायचं.

दादाने व्यायाम केले, चालायलाही जायला लागला. टेबलाला मात्र हात लावला नाही. मी चार विटा नेऊन दिल्या, तर त्या दाराला टेकू म्हणून वापरल्या. सुतार पाठवला, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. टेबलाची पलीकडची अर्धी बाजू रिकामी, तिथे नुसती एक थंड इस्त्री उभी, आणि हा माणूस प्रत्येक कपड्यासाठी जमिनीपर्यंत वाकतोय. माझं डोकं फिरायचं. फळीवर झोपायला तयार, पण चार विटा सरकवायला नाही!

एके दिवशी भांडायलाच दुकानात गेले. टेबलाखाली डोकावले तर चारही पायांची टोकं करवतीने कापलेली.

"हे कुणी कापलं?"

"मीच," इस्त्री न थांबवता दादा म्हणाला.

लग्नानंतर वहिनी दुकानात यायला लागली. ती त्याच्या खांद्यालाही लागत नाही. तिचे हात भरून यायचे, म्हणून त्याने टेबलच कापलं. दोघांनी पंचवीस वर्षं समोरासमोर उभं राहून इस्त्री केली. मागच्या वर्षी ती पायरीवरून पडली, उजवं मनगट मोडलं. जड काही उचलायचं नाही, आता कधीच नाही, असं डॉक्टरांनी आमच्या सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

"ती परत आली की सारखं खालीवर करत बसू का?" दादा म्हणाला.

राग तर होताच, आता तो कुणावर काढायचा ते कळेना. दादाच्या घरी गेले आणि वहिनीला सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याबरोबर दुकानात आली, वर्षभराने. दाराजवळच्या विटा तिने डाव्या हाताने एकेक करून टेबलापाशी आणल्या. मग आम्हाला टेबल उचलायला लावलं, आणि प्रत्येक पायाखाली वीट पायाने सरकवली. टेबल तिच्या कोपराच्या वर गेलं. त्यावर तिने हात ठेवून पाहिला.

"अहो, मी आता इस्त्री करणार नाही," ती म्हणाली. "हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही सरळ उभे राहा."

दादाने हातातली इस्त्री बाजूला ठेवली. मग पलीकडची थंड इस्त्री उचलून त्याने भिंतीवरच्या फळीवर ठेवली, आणि जमिनीवरचा कपड्यांचा ढीग वहिनीच्या बाजूला, टेबलावर रचला.