शेजारच्या भाऊजींची दोरी

शेजारचे भाऊजी जुने टाइपरायटर दुरुस्त करतात. त्यांची कामाची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही नावापुरती. त्या घरात कोण शिंकलं ते आधी मला कळतं, मग शिंकणाऱ्याला.

मध्यंतरी त्यांच्या मशीनच्या घंट्या फार बोंबलायला लागल्या. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी नाजूक टिंग करते. भाऊजींच्या हाताखालून निघालेली मात्र अशी ठणकायची, की माझ्या हातातलं पातेलं सुटायचं.

"भाऊजी, टाइपरायटर दुरुस्त करताय की आगीचा बंब?"

"हो हो, मघाशीच घेतला चहा," ते हसून म्हणाले.

मग त्यांच्या टेबलासमोर भिंतीवर आरसा आला. मला तर आयतंच मिळालं. "वहिनी, सांभाळा बरं! या वयात पुरुष आरशात बघायला लागला, म्हणजे बाहेर कुणीतरी बघणारं असतं."

एरवी वहिनींनी मला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी त्यांनी दार लोटलं. "मला भीती वाटते हो. हाक मारली तर ओ देत नाहीत. मागून गेलं की केवढ्यानं दचकतात. यांच्या डोक्यात चाललंय तरी काय?"

माझ्या डोक्यात एकेक जुळायला लागलं. चहा, आरसा, घंट्या... घंट्या बिघडल्याच नव्हत्या. भाऊजींना ऐकू येईनात, म्हणून ते घंटीची हातोडी वाकवून वाकवून तिला ओरडायला लावत होते. आणि आरसा होता तो पाठीमागून कोण येतंय ते दिसावं म्हणून.

"वहिनी, त्यांना ऐकू येत नाहीये."

"काहीतरीच! मला सांगितलं नसतं का?"

त्याच आठवड्यात, भर दुपारी, पलीकडे धप्प झालं. मग वहिनींचा आवाज. "अहो! अहो, धावा!" आणि पुन्हा, जरा बारीक, "अहो..."

मी हातातलं टाकून धावले. दार उघडंच होतं. भाऊजी पाठमोरे, एका वकिलांच्या मशीनवर वाकलेले. त्या मशीनचं बटण दाबलं की अक्षर उमटायचं, पण वरचा गाडा पुढे सरकायचा नाही. सगळी अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर. गाडा ओढणारी दोरी तुटली होती. नवी अडकवायची म्हणून त्यांनी स्प्रिंग पिळून अंगठ्यानं दाबून धरली होती. आत न्हाणीघरात बायको ओरडत होती आणि हा माणूस शीळ घालत होता.

आरशात त्यांना मी दिसले. माझा चेहरा बघून त्यांचा अंगठा सुटला. स्प्रिंग खर्रकन उलगडली. मी न्हाणीघराकडे बोट दाखवलं.

वहिनी फरशीवर पडल्या होत्या, पाय वाकडा, ओठ पांढरे. भाऊजी त्यांच्याजवळ खाली बसले. "कधीपासून हाका मारतेय ही?" त्यांनी मला विचारलं, वहिनींना विचारायची हिंमत नव्हती.

वहिनींनी त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

"लोकांना कळलं तर बहिऱ्याकडे मशीन कोण देणार?"

"आणि मी मेले असते तर? मशीन घेऊन बसला असता मांडीवर?"

घोटा मोडला होता. वहिनी आता आतल्या पलंगावर, पायाला प्लास्टर. वकिलांच्या मशीनला घातली तीच चिवट दोरी भाऊजींनी पलंगापासून भिंतीतल्या कड्यांमधून ओवत आणली आणि आपल्या डाव्या मनगटाला बांधली.

"आत्ता कुठे नवरा दावणीला लागला," मी म्हटलं. वहिनी खळखळून हसल्या. भाऊजी गाठ पुन्हा तपासत होते.

दोरी हलली की ते उठून जातात, त्याचं काही नाही. पण बराच वेळ हलली नाही की त्यांच्या कपाळावर घाम येतो. हातातला पेचकस थांबतो. कुठे अडकली का? तुटली का? की आत... मग ते हळूच ओढून बघतात.

"आहे हो, आहे मी!" वहिनी आतून ओरडतात. ते भिंतीपलीकडे मला ऐकू येतं. त्यांना नाही. ते तसेच मनगटाकडे बघत बसतात. मग वहिनींना आठवतं आणि त्या दोरीला हिसका देतात.

तोवर पलीकडे बटणांची टकटक बंद असते, आणि अलीकडे मीही पातेलं हातात धरून, भिंतीला कान लावून उभी असते.